वीणा कुणाच्या गळ्यात जाणार?

प्रिय दत्ता,

रामकृष्ण हरी.

तुमच्या अखंड हरिनाम सप्ताहाचं यंदा पन्नासावं वर्ष, आणि त्यानिमित्त मंडळाची आठवण म्हणून वेशीत कमान बांधायची की सभामंडपाला संगमरवर लावायचा यावर दोन तट पडलेत, हे कळलं. मला विचारशील तर दोन्ही राहू दे. पहाटे चारच्या काकड्याला आणखी वीस वर्षांनी कोण उठणार, ते आधी बघ.

सुरुवात पहाऱ्यापासून कर. सप्ताहात वीणा रात्रंदिवस थांबत नाही, म्हणून तिला रोज दोन-दोन तासांचे १२ पहारे लागतात. प्रत्येक जुन्या पहारेकऱ्यामागे एक तरुण जोड. मुलीही घे, कुरकुर होईल, होऊ दे. पहिले दोन दिवस नवख्यानं नुसतं शेजारी उभं राहायचं, तिसऱ्या दिवसापासून शेवटचा अर्धा तास वीणा त्याच्या गळ्यात. तार न थांबवता वीणा द्यायची कशी, हे तोंडी सांगून येत नाही. देणाऱ्याचं बोट तारेवरच राहतं, घेणारा वाकून पट्ट्यात मान घालतो, त्याचं बोट तारेवर पडलं की मगच पहिल्यानं मान काढायची. मग एकमेकांच्या पाया पडणं. रात्री दोन ते चारचा पहारा मात्र पहिल्या वर्षी नवख्याला देऊ नका. तिथेच डुलकी लागते, चारचौघांत बोलणी बसतात आणि पोरगं पुढच्या वर्षी फिरकत नाही.

दुसरं काम चालींचं, आणि ते सगळ्यांत निकडीचं. वहीत अभंग असतो, चाल नसते. म्हातारा गवई गेला की शब्द छापील गाथ्यातही सापडतात, चाल त्याच्याबरोबर जाते. फोनवर रेकॉर्ड करा, पण भजन रंगात आलेलं असताना नको. पंचवीस टाळांत आवाज बुडतो आणि मंडपात घुमतो तो वेगळाच. बंद खोलीत, एक पेटी, हलका पखवाज, फोन गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर. आधी धृपद आणि एक चरण एकट्यानं, मग तेच टाळकऱ्यांनी मागे म्हणायचं, म्हणजे झेल कुठे घ्यायचा, ओळ मागून कुठे उचलायची, तेही कळतं. सुरुवातीलाच पट्टी (पेटीवरचा सूर), ठेका आणि चाल कुणाकडून आली ते बोलून घ्यायचं. एका बैठकीत चार-पाच अभंगच. त्यापुढे वयस्कर गळा खाली उतरतो आणि उतरलेलीच चाल पोरं खरी धरून बसतात.

वह्यांना चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते, सुटताना अक्षरं घेऊन सुटते. लॅमिनेशन तर नकोच. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, कोरी पानंसुद्धा न गाळता फोटो काढा आणि तीन वेगळ्या घरांत ठेवा. मूळ वह्या धुतलेल्या सुती फडक्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात बुरशी धरते. आणि छापील पाठाशी जुळत नाही म्हणून मूळ ओळ खोडायची नाही, शंका वेगळ्या कागदावर लिहायची. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, एकनाथ महाराजांनी ती शुद्ध केली शके १५०६ मध्ये. तेवढ्या काळात पाठ बिघडले होते, तरी नाथांनी आपली ओवी त्यात घालू नका म्हणून बजावलं. आपण तर साधे वहीकरी.

पखवाजाचं एवढंच: भजन संपलं की धुम्याची, म्हणजे डाव्या तोंडाला लावलेली, कणीक त्याच रात्री खरवडून काढायची. राहिली तर आंबते, चामडं कुजतं आणि उंदीर कुरतडतात.

आता कागद. हा भाग रुक्ष आहे, पण मंडळं इथेच मोडतात. सभामंडपाखालची जागा कुणी तोंडी दिली असेल तर उताऱ्यावर अजून त्याचंच नाव असतं, तो गेला की वारसांची नोंद होते आणि नातू कुंपण घालतो. देणारा हयात असताना ट्रस्टच्या नावे बक्षीसपत्र नोंदवून घ्या, फेरफार होईपर्यंत पाठ सोडू नका. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. हा अर्ज वर्षानुवर्षं राहतो. मग कागदावरचे विश्वस्त सगळे वैकुंठवासी आणि बँक सही कुणाची घ्यायची ते विचारते. वर्गणीतून उरलेलं ट्रस्टच्या नावानं मुदत ठेवीत टाका, व्याजातून दरवर्षी टाळ आणि पाठाच्या पोथ्या घ्या.

शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर, पंगत बसायच्या आत, पुढच्या वर्षीच्या १२ जोड्यांची नावं फळ्यावर लिहून टाक. पंगत उठली की माणसं पांगतात.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव