चतुर्थीला येताना लहानपणचा फोटो घेऊन या

सावंतवाडीकरांनो आणि मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनो,

चितारआळीतली लाकडी खेळणी आपल्यापैकी बहुतेकांच्या हातातून गेली आहेत. पाळणा, जातं, चूल, पोळपाट-लाटणं, भोवरे. घरात आज त्यातलं फारसं उरलेलं नाही. काही मोडलं, काही वाळवीनं खाल्लं, काही भाचरांना दिलं. पण जुन्या कृष्णधवल फोटोंत, ओटीवर बसलेल्या एखाद्या पोरीच्या मांडीवर, ती खेळणी अजून दिसतात. असे फोटो आमचं मंडळ गोळा करत आहे.

अडचण रंगाची आहे. चिताऱ्यांचं सगळं कसब रंगात, आणि फोटोत नेमका तोच नाही. त्यातून फोटो काढायच्या जुन्या काचेच्या निगेटिव्हना आणि बऱ्याच फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे. लालभडक भोवरा काळा उतरे, निळा पाळणा फिकट. त्यामुळे करड्या छटेवरून रंग ओळखता येत नाही. तो भोवरा ज्यानं फिरवला त्यालाच विचारावं लागतं. म्हणून फोटोबरोबर आजीला, आजोबांना, आत्यालाही घेऊन या. त्यांचं बोलणं आम्ही रेकॉर्ड करू. स्टुडिओतला फोटो असेल तर खेळणं घरचं की फोटोवाल्याचं, हेही विचारून ठेवा. लाकडी घोडा, तीनचाकी सायकल बरेचदा स्टुडिओचीच असायची आणि फोटो निघाला की खाली उतरावं लागे. त्या वेळी कोणी रडलं असेल तर तेही आम्हाला हवं आहे.

फोटो आम्ही ठेवून घेणार नाही. तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ. चिकट पानांवरून फोटो ओढून काढू नका, अख्खा अल्बम आणा. बुरशी पुसू नका, लॅमिनेशन तर नकोच. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

आम्हाला चालू स्थितीतला फ्लॅटबेड स्कॅनर, दोन हार्ड डिस्क, आम्लरहित कागदाची पाकिटं आणि पावसाळ्यातल्या दमटपणासाठी सिलिका जेल हवं आहे. वस्तू दिलीत तर उत्तम. रोख देणगीची पावती मिळेल. रेकॉर्डिंग ऐकून मालवणी जशीच्या तशी लिहून काढणारे चार-पाच जण मिळाले तर मोठं काम होईल.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत, रोज सकाळी १० ते १, मंडळाच्या खोलीत या. ज्यांना घराबाहेर पडणं जमत नाही, त्यांच्याकडे आम्हीच येऊ. फक्त निरोप द्या. त्यांचं काम आधी करू.