फ्लॅश फेल झालं म्हणजे बोर्ड गेलं असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

ई-कचऱ्यावर आपल्या पेपरात नेहमी छापून येतं म्हणून लिहितोय. पुण्यात जुने एक्सबॉक्स ३६० हे गेम खेळायचे बॉक्स अजून बऱ्याच घरांत आहेत, मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०२४ ला त्याचं ऑनलाइन स्टोअर बंद केलं, त्यामुळे बॉक्स टिकवायचा तर पोरं तो मॉड करून, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर बदलून घेतात. आरजीएच (रीसेट ग्लिच हॅक, मॉड करायची एक पद्धत) करताना आतली मेमरी चिप, म्हणजे नँड, नव्याने फ्लॅश करावी, म्हणजे परत लिहावी लागते आणि ते फ्लॅश मधेच फेल गेलं की पंखा फिरतो पण टीव्हीवर काहीच येत नाही, मग दुकानात सांगतात बोर्ड गेलं, भंगारात टाका. आमच्या सोसायटीतल्या एका पोराला परवा हेच ऐकवलं, आणि त्याचं बोर्ड एकदम ठणठणीत होतं. फार वाईट वाटतं हो असं बघून.

अशा वेळी बहुतेकदा चिप जळलेली नसते, तिच्यातला डेटा बिघडलेला असतो. अडॅप्टर लावून बॉक्स नुसता स्टँडबायला ठेवला तरी प्रोग्रामरने (चिप वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र) नँड वाचता येते आणि परत लिहिताही येते, त्यासाठी बॉक्स बूट व्हायची गरजच नाही. म्हणून घाईघाईने पुन्हा फ्लॅश मारायचं नाही, आधी वाचायचं. प्रोग्रामरला फ्लॅश कॉन्फिग (चिपची ओळख सांगणारा आकडा) सगळी शून्यं दिसत असतील तर चिपला दोष देऊ नका, सोल्डरचा एखादा टाका सुटलाय किंवा ग्राउंड नीट लागलेलं नाही. वाचता येत असेल तर दोनदा वाचून दोन्ही फाइल ताडून बघा, १६ एमबीच्या नँडची फाइल बरोबर १,७३,०१,५०४ बाइटची येते (दर ५१२ बाइटमागे १६ बाइट तपासणीचे असतात म्हणून ती थोडी मोठी), आणि दोन फाइल जुळल्या नाहीत तर वायर आखूड करा, यूएसबी हब काढून थेट लॅपटॉपला जोडा, टाके परत मारा. तपकीर गल्लीत चांगली बारीक वायर मिळते, हाताला लागेल ती लांबलचक वायर कशाला वापरायची?

बॅड ब्लॉक, म्हणजे चिपमधला खराब तुकडा, दिसला की लोक घाबरतात. अहो, या नँडमध्ये १६ केबीचे १०२४ ब्लॉक असतात, त्यातले शेवटचे ३२ खराब ब्लॉकची जागा घ्यायलाच राखून ठेवलेत, सॉफ्टवेअरमधून रीमॅप केलं, म्हणजे खराब ब्लॉकचं काम राखीव ब्लॉकला दिलं, की झालं. खरा घोळ होतो चुकीच्या इमेजने (चिपमध्ये लिहायच्या फाइलने), बोर्डांचे फाल्कन, जॅस्पर, कोरोना असे प्रकार असतात, फाल्कन बोर्डात जॅस्परची इमेज मारली तर बॉक्स बूट होणारच नाही, आणि ४ जीबीवाल्या कोरोना बोर्डात तर नेहमीची नँड नसतेच, ईएमएमसी (मेमरी कार्डासारखी चिप) असते, तिथे साधा एसपीआय प्रोग्रामर चालत नाही, कार्ड रीडरसारखं जोडावं लागतं. आणि गुरुवारी लाईट जाणार असेल तर हे काम त्या दिवशी काढूच नका, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण बॉक्सचा अडॅप्टर बंद पडतो आणि लिहिणं अर्ध्यात राहतं.

हे सगळं निस्तरता येतं, पण पहिला ओरिजिनल डम्प (नँड वाचून काढलेली फाइल) जपलेला असेल तरच सोपं. त्या डम्पमध्ये कीव्हॉल्ट (बॉक्सच्या गुप्त किल्ल्यांचा भाग) असतो, कीव्हॉल्टमध्ये डीव्हीडी ड्राइव्हची की, म्हणजे गुप्त किल्ली, असते, ती गेली की घरात विकत घेऊन ठेवलेल्या ओरिजिनल डिस्कसुद्धा चालेनात. मित्राच्या बॉक्सचा डम्प आणून तसाच मारला तर उपयोग नाही, कारण प्रत्येक बॉक्सची सीपीयू की (प्रोसेसरची गुप्त किल्ली) वेगळी आणि कीव्हॉल्ट तिनेच एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेला.

म्हणून माझी दुकानदारांना कळकळीची विनंती आहे, काम हातात घेतल्या घेतल्या डम्प काढा, आणि सीपीयू की मिळाली की तीही सोबत देऊन गिऱ्हाइकाच्या हवाली करा. साडेसोळा एमबीची फाइल आहे, व्हॉट्सॲपवरूनसुद्धा जाते. गिऱ्हाइकांनीही ती मागून घ्यावी, लाजू नये, ती आपल्याच मशीनची आहे. आणि ज्यांना बोर्ड गेलं म्हणून सांगितलंय त्यांनी बॉक्स जुन्या बाजारात किलोवर द्यायच्या आधी दुसऱ्या कुणाकडून तरी नँड एकदा वाचून घ्यावी.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे