घरमालकाच्या खिशातले कल्याण

संपादक महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा दरवर्षी दक्षिण मुंबईतील अतिधोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी जाहीर करते. मग घरे रिकामी करण्याच्या नोटिसा, संक्रमण शिबिरात जायला रहिवाशांचा नकार, आणि एखादी इमारत कोसळलीच तर घरमालकाच्या लोभावर टीका. या इमारतींवरचा आपल्या अंकातला लेखही त्याच वळणाचा होता. मी गिरगावात पागडीच्या, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या, खोलीत राहतो. भाडे गोठलेले राहण्यातच माझा फायदा आहे. तरीही माझे मत असे, की या इमारती मोडकळीस आणण्यात लोभापेक्षा कायद्याचा हात मोठा आहे.

1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे (मालकाला घेता येणारे कमाल भाडे) 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकले. महायुद्ध नुकतेच संपलेले, फाळणीचे निर्वासित येत होते. तात्पुरती सोय म्हणून ते समजण्यासारखे होते. पण मुदतवाढ मिळत मिळत ही सोय पन्नास वर्षे चालली. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये ही गोठवणूक काळाच्या ओघात मनमानी ठरल्याचे सांगितले. कायद्याची मुदत संपतच आली होती, म्हणून तो रद्द केला नाही इतकेच. त्यानंतर 2000 पासून लागू झालेल्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, तीही जुन्याच भाड्यावर. तेव्हा 60 रुपये भाडे असलेल्या खोलीचे चक्रवाढीने धरले तरी 25 वर्षांनी होतात 160 रुपये. एवढ्यात सिमेंटची एक गोणी येत नाही. अशा वीस खोल्यांच्या चाळीचा जिना, गच्ची, संडासाचे पाइप मालकाने कशातून दुरुस्त करायचे?

त्यावर उपाय म्हणून 1969 च्या कायद्याने सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढले. या मंडळाने लावलेले लाकडी टेकू किती वर्षे उभे असतात ते आमच्या भागात कोणालाही विचारा. पुढे 1986 मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली. 70 टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था केली, तर महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट देऊन सरकार इमारतच ताब्यात घेऊ शकते. म्हणजे वरच्या हिशेबाने एका खोलीचे 16 हजार रुपये! याच तरतुदीवरून सुरू झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितले, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची, म्हणजे सर्वांच्या हितासाठी वाटता येणारी, भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. हे सांगायला एवढे मोठे पीठ बसवावे लागले!

गरिबाला स्वस्त घर मिळावे, याला माझा विरोध नाही. पण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून सरकार दानशूर कसे ठरते? शिवाय हे दान गरिबालाच मिळते असेही नाही, कारण संरक्षण मिळते ते भाडेपावतीच्या तारखेवरून. काळबादेवीतल्या पेढीला जे, तेच सफाई कामगाराच्या खोलीला. नव्या कायद्याने बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भांडवलाच्या कंपन्या वगळल्या; म्हणजे सधन भाडेकरूला सवलत नको हे सरकारला तत्त्वतः पटलेले आहे. ते तत्त्व सधन माणसापर्यंत मात्र आले नाही.

झळ बसते ती ज्याच्याकडे जुनी पावती नाही त्याला. आमच्याच चाळीतली मुले लग्नानंतर डोंबिवली-विरारला गेली. लिव्ह अँड लायसन्सवर (ठरावीक मुदतीच्या करारावर) दर अकरा महिन्यांनी दलाली द्यायची आणि घर बदलायचे, हे त्यांच्या नशिबी. 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4.8 लाख घरे रिकामी आढळली होती. त्यात गुंतवणुकीची घरे असणारच, पण एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर निघणार नाही या धास्तीने कुलूप लावलेलीही आहेत.

भाडी मोकळी केली तर गिरगाव-लालबागचा मराठी माणूस हद्दपार होईल, असा आक्षेप येतो. भीती खोटी नाही. नुसती भाडी सोडली आणि बांधकाम आवळूनच ठेवले, तर भाडी भडकतील हे मला मान्य आहे. शहर बेटावर 1.33 आणि उपनगरात 1 एवढेच मूळ चटईक्षेत्र (भूखंडाच्या किती पट बांधता येते ते, म्हणजे एफएसआय), त्यावरचे हवे तर सरकारला अधिमूल्य (प्रीमियम) मोजा, हा कारभारही त्याच वेळी बदलायला हवा. सरकारच टंचाई विकायला बसले तर घरे स्वस्त होणार कशी?

म्हणून दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने भाडी बाजारभावाला आणावीत. निवृत्त, विधवा, अल्प उत्पन्न असलेल्या जुन्या भाडेकरूंना उत्पन्न तपासून फरकाची रक्कम सरकारने थेट खात्यात द्यावी. मला ती मिळणार नाही, माझे निवृत्तिवेतन बरे आहे. ही रक्कम मोठी असेल. ती अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीत दाखवावी आणि आमदारांनी तिच्यावर उघड मतदान करावे.

— एक पागडी भाडेकरू, गिरगाव, मुंबई