डावी साईड

चि. रेणूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा तू फोन ठेवलास तो ठेवलासच. मीही परत लावला नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि मग मूळ बोलायचं ते राहूनच जातं. आज मुक्कामी गाडीवर आहे. कंडक्टर शाळेच्या ओट्यावर झोपलाय, मी गाडीतला एक दिवा लावून लिहितोय. बॅटरी उतरली तर सकाळी पंचाईत, म्हणून थोडक्यात लिहितो.

सायकल विकून टाक म्हणालो, ते मागे घेतो. कर्वे रोडला एका बसचा पत्रा तुझ्या हँडलला घासून गेला, हे मला तुझ्या आईकडून कळलं. तू मला सांगितलं नाहीस, राग त्याचा होता. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही ओरडता म्हणून नाही सांगत." ते खरं आहे.

पण मी ओरडतो का, ते ऐक. ड्रायव्हर बसतो उजवीकडे. डाव्या आरशात त्याला दिसते ती पत्र्यालगतची एक पट्टी. दाराच्या खालच्या अंगाला काय आहे, ते दिसत नाही. गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं येत नाहीत, आतून कापत येतात. पुढचं चाक हातभर लांबून गेलं की सायकलवाल्याला वाटतं, सुटलो. तेवढ्यात मागचं चाक कडेला आलेलं असतं. म्हणून सिग्नलला बस उभी असली की तिच्या डाव्या बाजूनं पुढे घुसायचं नाही. मागे थांबायचं. दोन मिनिटं उशीर झाला तर झाला. आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसलं, तरच त्याला तू दिसतेस. हे मी सांगितलं की तू "हो हो" म्हणतेस, आणि तुझा तो "हो हो" मला चांगला माहीत आहे.

हे बघ, लागलो सांगायला. राहू दे.

तुझी सायकल पुण्याला आणली ती रात्र आठवते? आठवीत शाळेतून मिळालेली ती सायकल, तू म्हणालीस तीच न्यायची. मी तेव्हा पुणे शेड्यूलला होतो. टपावर चढवून काथ्यानं चारी बाजूंनी बांधली, रीतसर लगेज फाडलं. तू पहिल्या सीटवर बसलीस आणि नगर येईपर्यंत झोपली नाहीस. वाकडेवाडीला उतरलो तेव्हा जेमतेम उजाडत होतं. मी सायकल खाली घेतली, तू घंटी वाजवून बघितलीस. मला परतीच्या गाडीची घाई होती, नीट बोललोही नाही. तू दप्तर कॅरिअरला लावून निघालीस, आणि मी स्टँडच्या दारात उभा राहून बघत होतो, ही पोरगी डावीकडून चालवते की नाही. डावीकडूनच चालवत होतीस.

स्कूटी घेऊन देईन असं बारावीच्या आधी मीच बोललो होतो. २०२१ च्या एसटीच्या संपात महिनोन् महिने पगार नव्हता, त्यात ते राहून गेलं. तू एकदाही आठवण करून दिली नाहीस. मला मात्र ते रोज आठवतं. परवा तुझ्या हँडलचं ऐकलं तेव्हा पहिलं हेच मनात आलं की ही सायकलवर आहे ती माझ्यामुळे. आता घेऊ शकतो. पण तू म्हणतेस पेट्रोल नको, पार्किंगची कटकट नको, कर्वेनगरहून नवी पेठेतली अभ्यासिका वीस मिनिटांत गाठते, पंक्चर स्वतः काढते. पंक्चर काढतेस हे मी डेपोत चार जणांना सांगितलं. पोरीनं टायर उतरवून ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधलं, असं सगळं सांगितलं.

एक गोष्ट तुम्हा कोणालाच सांगितली नव्हती. २०११ साल, तू दुसरीत असशील. आपल्याच स्टँडच्या तोंडाशी गाडी डावीकडे आत घेत होतो. मागून कडकड आवाज आला. ब्रेक मारून उतरलो तर मागच्या चाकाखाली सायकल. रिम घडीच्या पोळीसारखी दुमडलेली, डबा उघडा पडलेला, भात चाकाला लागलेला. पोरगा उडी मारून बाजूला झाला होता, त्याला खरचटलंही नव्हतं. तो रडत होता ते सायकलसाठी. त्याला सायकल घेऊन दिली आणि तुझ्या आईला सांगितलं की या महिन्यात सोसायटीचा हप्ता जास्त कापला. मी आरसा बघितला होता, रेणू. बघितला होता आणि त्यात कोणी नव्हतं.

तेव्हापासून डावीकडे वळताना मी गाडी जवळजवळ उभीच करतो. पण तुझ्या वाटेवरचा प्रत्येक ड्रायव्हर करेल, असं मी कसं म्हणू?

कर्वे रोड टाळता येतो. राजाराम पुलाकडून डी.पी. रोडनं म्हात्रे पूल धर. लग्नसराईत तिथं लॉन्ससमोर गाड्या आडव्यातिडव्या लागतात, तेवढे दिवस सांभाळ. डेक्कनकडून आलीस आणि खडकवासल्यातून पाणी सोडलेलं असलं, तर भिडे पुलाकडे बघूसुद्धा नकोस. रात्री साडेदहाला निघतेस ते दहाला निघ. नाहीतर राहू दे, अभ्यास तुझा आहे, वेळ तुला कळते. पण बसच्या डाव्या बाजूला... लिहिलंय वर.

आईचा गुडघा तसाच आहे. दादानं फोन केला होता का? केला नसेल तर तूच कर.

पुण्याच्या गाडीवर शिंदे ड्रायव्हर आहेत, रविवारी सकाळी सहाला वाकडेवाडीला लागतील. त्यांच्याकडे पिशवी दिली आहे. त्यात ब्रेकचे दोन जोड रबर, मागे लावायचा लाल लुकलुकणारा दिवा आणि रेडियमची पट्टी आहे. पट्टी मडगार्डला लाव आणि दोन्ही पायडललाही. पायडल वरखाली होतात, ते लांबून चटकन दिसतं. शेंगदाण्याची चटणी आईची.

पिशवी घ्यायला रिक्षानं ये, असं लिहिणार होतो. सायकलवर ये, पण नीट उजाडल्यावर निघ. शिंदे थांबतील, मी त्यांना सांगून ठेवलंय.

तुझे,
बाबा