नेटकरी संतापले, पण किती जण?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या मनोरंजनाच्या पानावर आठवड्यातून दोनदा तरी "नेटकरी संतापले" असं हेडिंग असतं, त्यावरून लिहितोय.

मी सांगलीचा, हौशी नाटकवाला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथं पहिला खेळ केला तेव्हापासून नाटकातलं सगळं आम्हालाच कळतं असा आमच्या गावाचा समज आहे, त्यामुळे प्रयोग पडला की चहाच्या गाड्यावर सोलून काढतात. राज्य नाट्य स्पर्धेतलं माझं एक काम बघून एका समीक्षकांनी पेपरात लिहिलं की पाठांतर कच्चं आहे. लई राग आला, पण खरं होतं ना, आणि खाली त्यांचं नाव होतं, पुढच्या वर्षी तेच तिसऱ्या रांगेत बसलेले दिसले आणि मी एक शब्द चुकलो नाही. ते कात्रण अजून ठेवलंय.

आता चिन्मय मांडलेकरचं बघा. 'फर्जंद', 'पावनखिंड' मधे त्यानं महाराज केले, लोकांनी डोक्यावर घेतलं. मग एप्रिल २०२४ मधे मुलाचं नाव जहांगीर आहे यावरून ट्रोलिंग सुरू झालं, घरच्यांनाही सोडलं नाही, शेवटी त्यानं व्हिडिओ टाकून सांगितलं की यापुढे ही भूमिका करणार नाही. यात अभिनय कुठे आला? पाठांतर सुधारता येतं हो, पोराच्या नावात काय सुधारायचं? (जेआरडी टाटांमधला जे म्हणजे पण जहांगीरच, भारतरत्न दिलंय आपण त्यांना.)

त्याची निदान बातमी तरी झाली. माझी पुतणी अकरावीत आहे, कविता वाचून रील टाकायची, फार छान वाचते. कुणीतरी तिच्या दातांवरून लिहिलं, खाली बाकीच्यांचे हसायचे इमोजी. आता ती चेहरा दाखवतच नाही, वहीचं पान दाखवते आणि मागून आवाज देते, तो पण पुटपुटल्यासारखा. "लक्ष देऊ नको" असं सगळ्यांनी सांगून झालं, मी पण सांगितलं, पण चांगल्या कमेंटमधली एकही तिला आठवत नाही आणि ती दातांची ओळ तोंडपाठ आहे.

कायदा करा असं मी म्हणत नाही. २०१२ ला फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन पोरींना अटक झाली होती, ते आयटी कायद्यातलं कलम ६६ अ सुप्रीम कोर्टानं २०१५ ला रद्द केलं ते बरंच झालं, परत तसलं काही आलं तर आधी आम्हा नाटकवाल्यांवरच लागायचं.

माझं मागणं तुमच्याकडेच आहे. चार कमेंटचे स्क्रीनशॉट लावून तुम्ही बातमी करता, ती वाचून अजून चारशे जण तिकडे जाऊन हात धुऊन घेतात आणि त्या कलाकाराला वाटतं अख्खा महाराष्ट्र उठलाय. तर पुढच्या वेळी किती नेटकरी संतापले तो आकडा पण छापा. आणि काम खरंच वाईट असेल तर तुमच्याच माणसाकडून नावासकट परीक्षण लिहून घ्या की, आमच्या हौशी नाटकांची परीक्षणं तर तुम्ही छापायचंच बंद केलंय.

— एक हौशी नाटकवाला, सांगली