जुनी कॅलेंडरं रद्दीत देऊ नको

आई, बाबा,

काल बाबा चिडले आणि मी फोन ठेवून दिला, सॉरी. फोनवर मला धड बोलता येत नाही म्हणून लिहून राहिली. आई, बाबांचा चष्मा अजून दुकानातच असेल, तर तूच वाचून दाखव.

हो, गेली होती मी संविधान चौकात, संशोधनाला जास्त निधी द्या म्हणून पाटी घेऊन. चाळीसेक जण होतो, निम्मे रिटायर्ड प्रोफेसर, तासभर उभं राहिलो, चहा प्यायलो, घरी. बाबा म्हणतात संशोधनाची फेलोशिप बंद झाली तर? बाबा, ती पाच महिन्यांपासून आलीच नाही. कागदावर महिन्याला 37,000, मेसवाल्या काकूंकडे उधारी. सांगितलं नाही कारण तुम्ही पडत्या भावात कापूस विकून मोकळे झाले असते.

आता ऐका. तुम्ही रोज सकाळी कामगंध सापळ्याची, म्हणजे मादीच्या वासानं बोंडअळीचे नर पतंग ओढणाऱ्या सापळ्याची, पिशवी सोडून पतंग मोजता. एका सापळ्यात आठ, तेही सलग तीन दिवस, तेव्हाच फवारणी. 2017 ला बोंडअळीनं अख्खं शेत खाल्लं तेव्हापासूनचा तुमचा नेम. हा आठ आला कुठून? कोणीतरी वर्षानुवर्षं शेतोशेती फिरून पतंग मोजले, हिरवी बोंडं फोडून आतल्या गुलाबी अळ्या मोजल्या, तेव्हा तो ठरला. आम्हीही संशोधनात तेच करतो, बोटं काळी पडतात, साबणानं जात नाही. मागच्या हंगामात गाडीच्या डिझेललाच पैसे नव्हते, तीन गावं सोडून दिली. आता पुढच्या वर्षी दुप्पट निधी दिला तरी मागच्या सप्टेंबरचे पतंग कोण मोजणार?

देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्केच खर्च करतो, आमच्या पाटीवर 3 टक्के होतं, बस एवढंच. 2023 मध्ये 50,000 कोटींच्या नव्या संशोधन फाउंडेशनचा गाजावाजा झाला पण त्यातले 36,000 कोटी खाजगीतून यायचे म्हणे. कंपनी बियाण्याची बॅग विकायला पैसा टाकेल, त्याच बियाण्याला अळी आता जुमानत नाही हे शोधायला कायले टाकेल? आणि बीटीला, म्हणजे त्या बियाण्यातल्या अळी मारणाऱ्या विषाला, न मरणाऱ्या अळ्या उरल्या, त्यांचीच पिल्लावळ वाढली, ही तर उत्क्रांती, आपल्या बांधावर घडलेली. तोच धडा एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून काढला, 1,800 वर शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधात पत्र लिहिलं. ते सगळे काय देशद्रोही का बाबा?

जानेवारी 2023 ची सायन्स काँग्रेस, शास्त्रज्ञांचं ते संमेलन, आठवते? इथंच, नागपूर विद्यापीठात. आई दशम्या घेऊन आली होती, बाबा गर्दीत हरवले आणि शेवटी एका स्टॉलवर मातीबद्दल वाद घालताना सापडले. त्यानंतरच्या जानेवारीत ती भरलीच नाही, सरकारनं निधी काढून घेतला. तिथं फालतूपणाही चालायचा, नाही म्हणत नाही, 2019 ला जालंधरच्या काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरव टेस्ट ट्यूब बेबी होते असं ठोकून दिलं, आम्हाला हॉस्टेलात तोंड दाखवायची लाज. पण गोचीड झाले म्हणून कोणी गायच विकते का?

तर मी पुन्हा जाणार आहे, आधीच सांगून ठेवते. पैशाची काळजी करू नका, शिकवणीच्या दोन पोरी मिळाल्या.

आई, एक काम कर. बाबा पतंगांचे आकडे कॅलेंडरवर तारखेखाली पेन्सिलनं लिहितात ना, ती जुनी कॅलेंडरं माळ्यावर असतील तर रद्दीत देऊ नको. आम्ही सोडलेल्या तीन गावांत आपलंही होतं. दिवाळीत येऊन उतरवून घेते.

तुमची,
छोटी