मंत्रिमहोदय, तुमचा माणूस अजून आलेला नाही

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

महाबळेश्वरच्या क्राइस्ट चर्चची पाहणी पावसाळ्याआधी नक्की करू, असं आपल्या हाताखालच्या एका साहेबांनी मला तोंडावर सांगितलं होतं. पावसाळा सरला. पाहणीला कुणी फिरकलं नाही, पत्र मात्र परवा आलं: ‘सदर वास्तू संरक्षित यादीत नसल्याने कार्यवाही प्रस्तावित नाही.’ अहो, यादीत नाही म्हणूनच तर अर्ज केला होता!

हे चर्च १८४२ चं. मुंबईचे पहिले अँग्लिकन बिशप थॉमस कार यांच्या हस्ते ते देवकार्याला अर्पण झालं, १८६७ मध्ये वाढवलं गेलं. हा डोंगर साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी मुंबईच्या गव्हर्नर माल्कमला दिला, इथे माल्कम पेठ, म्हणजे आजचं महाबळेश्वर गाव, वसली. १८३९ मध्ये त्याच महाराजांना कंपनीने गादीवरून खाली खेचलं, आणि तीन वर्षांत इथे गोऱ्यांची प्रार्थना सुरू झाली. ‘इंग्रजांचं चर्च, तुम्हाला काय त्याचं?’ असं विचारणाऱ्या तुमच्या कारकुनाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी जन्मभर दगड-चुन्यात काम केलेला निवृत्त ओव्हरसियर. इथलं जुनं बांधकाम जांभ्याचं. जांभा खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कडक. पण पाणी पितो तो पितोच. वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस! चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट फासलं की ती आत कोंडते आणि दगड झडायला लागतो. खरं सांगू, तुम्ही दुरुस्ती कराल याचीच जास्त धास्ती वाटते: निविदा, सिमेंट, वर ऑइलपेंट आणि दारात तुमच्या नावाची कोनशिला.

या अर्जापायी माझे गुडघे गेले. पसरणीचा घाट उतरून एस.टी.ने तुमच्या कचेरीत जायचं, तर साहेब मीटिंगला. मीटिंग संपली की जेवायला, जेवण झालं की दौऱ्यावर. बाकावर बसून रक्तदाब चढला, डॉक्टरांनी गोळी वाढवली, झेरॉक्सवाल्याचं मात्र भलं झालं. मुलगा म्हणतो, “बाबा, तुम्ही माळकरी, चर्चसाठी कसले भांडता?” घरातही मीच वेडा.

राज्यात केंद्राची संरक्षित स्मारकं २८६, राज्याची म्हणे पावणेचारशे. चाळीस हजारांवर गावं असलेल्या महाराष्ट्रात जपण्यासारखं एवढंच? प्रतापगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, पेढे आम्हीही वाटले. पण २००१ साली हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, तेव्हाच्या अधिसूचनेत मानवनिर्मित वारसा जपायचंही कलम आहे. ते कुणी वाचलंय? रातोरात रिसॉर्ट उभी राहतात, तिथे कुठलं कलम आड येत नाही. गरिबाने पडवीला पत्रा टाकला की नोटीस हजर. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, फाइल त्याच टेबलावर, त्याच पेपरवेटखाली.

लेखी उत्तर द्या आणि चुन्याची जाण असलेला माणूस पाठवा. पाठवताना त्याला पत्ता नीट सांगा; परवाच्या पत्रात आमच्या गावाचं नाव ‘माथेरान’ टाइप केलंय.

आपला,
एक निवृत्त ओव्हरसियर, महाबळेश्वर